न पाहिलेल्या वॉलरसचं हुबेहूब चित्र

वॉलरस दातांनी कड्याला लटकून झोपतो. ही माहिती मी पदरची देत नाही. ती देणारे गृहस्थ आर्चबिशप होते. स्वीडनच्या ओलाउस माग्नुस यांनी १५५५ साली रोममध्ये उत्तरेकडच्या माणसांवर आणि प्राण्यांवर एक जाडजूड ग्रंथ छापला. त्यात या प्राण्याची दिनचर्या दिली आहे. वॉलरस हत्तीएवढा असतो. गवत खायची लहर आली की तो समुद्रातून बाहेर पडतो आणि सुळे रोवत रोवत कडा चढून जातो. पोटभर चरून झालं की सुळे खडकात अडकवतो, लोंबकळतो आणि घोरायला लागतो. मग कोळी येतात. ते त्याच्या शेपटीकडची कातडी हलक्या हाताने सोलतात, तिच्यात दोर ओवतात, दोराची टोकं खडकांना बांधतात आणि लांब जाऊन गोफणीने त्याच्या डोक्यावर दगड मारतात. वॉलरस दचकून उठतो, समुद्राकडे धूम ठोकतो आणि कातडी मागे दोराला राहते.

वाचताना एक बारीकशी शंका येते. अंगाची साल निघेपर्यंत ज्याने हूं की चूं केलं नाही, तो गोफणीच्या एका दगडाने जागा कसा झाला? शिवाय वॉलरसची कातडी दोन ते चार सेंटिमीटर जाड असते. ती हलक्या हाताने सोलणारा कोळी खरोखर असता, तर आमच्या कोकणात फणसाच्या दिवसांत त्याची चढाओढीने पळवापळवी झाली असती. पण शंका काढायची सोय नाही. प्रकरणाच्या माथ्यावर चित्र आहे, लाकडी ठशाचं, काळ्या शाईत छापलेलं. छापून आलंय म्हणजे खरंच असणार, हा समज छापखान्याइतकाच जुना आहे.

सोळाव्या शतकात उत्तर ध्रुवाकडच्या जनावरांची अशी काळी-पांढरी चित्रं युरोपात बरीच निघाली. ती एकापाठोपाठ एक पाहत गेलं की एक नियम हळूहळू ध्यानात येतो. ज्याने प्राणी पाहिलेला नसतो, त्याला त्याच्याबद्दल सगळं ठाऊक असतं. तो काय खातो, कसा झोपतो, कोणाला घाबरतो, लांबी किती, पाय किती, काही विचारा. प्रत्यक्ष पाहून आलेला माणूस मात्र अडखळतो. ‘मोठा होता. वास येत होता. आम्ही पळालो,’ एवढंच सांगतो. अशा माणसाच्या भरवशावर कोणता प्रकाशक ग्रंथ काढील?

बिशपसाहेबांची बाजूही समजून घ्यायला हवी. तरुणपणी, १५१८च्या सुमाराला, ते पापक्षालनाची पत्रं विकत स्कॅन्डिनेव्हियाच्या उत्तर भागात खरोखरच हिंडले होते. पुढे स्वीडनने धर्मपंथ बदलला. आर्चबिशप हा हुद्दा मिळाला, पण ज्या गावचा तो हुद्दा ते गाव मिळालं नाही. आयुष्याची शेवटची वर्षं इटलीत गेली. मुंबईच्या खोलीत बसून गावच्या वाघाचं वर्णन करणारा चाकरमानी आठवावा. दर वर्षी वाघ हातभर वाढतो, आणि ऐकणाऱ्यांतलं कोणी उलटतपासणी करत नाही, कारण त्यांतलं कोणी त्या गावाला गेलेलं नसतं. बिशपसाहेबांनी १५३९ साली व्हेनिसमध्ये उत्तरेचा एक प्रचंड नकाशा छापला. नऊ लाकडी ठोकळ्यांवर कोरलेला, जवळजवळ पावणेदोन मीटर रुंद. जमिनीवर माणसं, बर्फावर पांढरी अस्वलं आणि समुद्रात राक्षस, असा भरगच्च संसार त्यांनी त्यावर मांडला. रोम-व्हेनिसच्या मंडळींना काय, उत्तरेला बर्फ आहे इतकंच माहीत. बर्फात काहीही असू शकतं.

आता हे चित्र कसं तयार होई तेही पाहण्यासारखं आहे. ज्याच्या कानावर गोष्ट आली तो एक, कागदावर चित्र काढणारा दुसरा, लाकडावर कोरणारा तिसरा आणि छापणारा चौथा. चौघांनीही वॉलरस पाहिलेला नाही, पण चौथ्याला वाटतं तिसऱ्याने पाहिलेला असणार. कोरणाऱ्यापुढे बहुधा पेअरच्या लाकडाचा गुळगुळीत ठोकळा असे. जी रेघ कागदावर काळी उमटायची ती उभी ठेवायची आणि आजूबाजूचं सगळं लाकूड खणून काढायचं. म्हणजे एक मिशी कोरायची तर तिच्या डावीकडचं लाकूड काढा, उजवीकडचं काढा, आणि मधे केसाएवढी भिंत उभी राहिली पाहिजे. हात जरा घसरला की मिशी गेली. वॉलरसच्या ओठावर अशा चारशे ते सातशे मिशा असतात. मजुरी ठोकळ्यामागे ठरलेली. तेव्हा छापील वॉलरसला आठ-दहा मिशा का असतात, याचं उत्तर प्राणिशास्त्रात शोधू नये. ते हिशेबाच्या वहीत सापडेल.

पांढऱ्या अस्वलाची गंमत याहून न्यारी. आपल्याला वाटतं, काळ्या-पांढऱ्या छपाईला याच्याइतकं सोयीचं गिऱ्हाईक नाही. कागद कोरा सोडा, दोन डोळे आणि एक नाक असे तीन ठिपके द्या, पैसे घ्या. आजच्या महागड्या छायाचित्रांत अनेकदा तेवढंच असतं, आणि लोक ते दिवाणखान्यात लावतात. पण लाकूड कोरणाऱ्याच्या दृष्टीने पांढरं म्हणजे खणून काढलेलं. बर्फ खणा, आकाश खणा, अस्वल खणा. दिवसभर घाम गाळून संध्याकाळी हाती काय, तर बाह्यरेषा आणि तीन ठिपके. वर अस्वलाचा अस्सल रंग कोणता म्हणाल, तर त्याची कातडी काळी आणि केस पारदर्शक. म्हणजे बिचारा इतकं खणून जे पांढरं दाखवतो, ते मुळात पांढरं नाहीच.

बरं, एकदा ठोकळा तयार झाला की तो टाकून देणं परवडत नसे. १४९३ साली न्यूरेंबर्गमध्ये जगाचा सचित्र इतिहास छापला गेला. त्यात १८०९ चित्रं होती आणि ठोकळे ६४५. उरलेला हिशेब प्रकाशकाने असा जुळवला की एकच शहर चार नावांनी चार ठिकाणी छापलं. बुरूज तेच, नदी तीच, मथळा तेवढा वेगळा. त्या काळच्या शहरवासीयांनी काही तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. मग वॉलरस कशाला तक्रार करील? त्याला तर वाचताही येत नव्हतं. चुकीचे पाय एकदा कोरले गेले की ते पाय पुढच्या ग्रंथात चालत जात, तिथून त्याच्या पुढच्या. प्रत्येक नवा ग्रंथकार आधीच्या ग्रंथाचा हवाला देई, आणि दोन ग्रंथांत एकच चूक दिसली की तिला शास्त्र म्हणत.

न पाहता काढलेल्या चित्रांचा सम्राट ध्रुवाकडचा नव्हे, तो आपल्याकडून गेलेला आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशाहाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. गेंडा घरात ठेवून घेण्यासारखी वस्तू नव्हे, म्हणून अल्बुकर्कने १५१५च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजावर चढवला आणि राजाकडे लिस्बनला पाठवून दिला. मे महिन्यात तो पोचला. त्याची बातमी आणि एक कच्चं रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्गला आल्ब्रेख्ट ड्यूररपाशी पोचलं. तेवढ्या भांडवलावर ड्यूररने लाकडी ठशाचं जे चित्र काढलं त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखत आहे, पायांवर खवले आहेत आणि नाकावरच्या शिंगाने भागेना म्हणून मानेवर आणखी एक छोटं शिंग आहे. वर चांगला पाच-सहा ओळींचा मजकूर. चित्र हजारोंनी खपलं आणि अडीचशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हणून हाच वावरला. मधल्या काळात खरे गेंडेही युरोपात येऊन गेले. पण ते चित्राशी जुळत नव्हते.

तो गेंडा पुढे पोर्तुगालच्या राजाने पोप दहावे लिओ यांना नजर केला. वाटेत जहाज बुडालं आणि तोही बुडाला. या पोपसाहेबांकडे हिंदुस्थानातला हत्ती आधीच होता. एखाद्याला जनावरांची आवड आहे असं एकदा कळलं की लोक त्याला दुसरं काही देतच नाहीत. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या आर्चबिशपांनी विचार केला की आपणही काही पाठवलं पाहिजे, आणि १५२०च्या सुमाराला त्यांनी रोमला वॉलरसचं मुंडकं पाठवलं. मिठात खारवलेलं. उघडताना पोपसाहेबांचा चेहरा कसा झाला असेल, याचं चित्र मात्र कोणी काढलं नाही.

त्या मुंडक्याचा प्रवास स्ट्रासबुर्गवरून झाला आणि तिथल्या नगरभवनाच्या भिंतीवर कोणी तरी त्यावरून अख्खा वॉलरस रंगवला. मुंडकं समोर होतं, बाकीचं नव्हतं. पण भिंत मोकळी होती. झ्युरिकच्या कोनराड गेस्नरने १५५८ साली जलचरांवरचा आपला ग्रंथ काढला तेव्हा हेच चित्र लाकडावर कोरून त्यात घातलं. गेस्नर मोठा सचोटीचा माणूस. त्याने नोंदवून ठेवलंय की डोकं खऱ्या डोक्यावरून घेतलं आहे. उरलेलं अंग अंदाजाने किंवा कोणी सांगितलं त्यावरून. मानेपर्यंत शास्त्र आणि मानेखाली वदंता. इतकी स्वच्छ सीमारेषा आजकालच्या चरित्रग्रंथांतही आढळत नाही.

आणि इथे ड्यूरर पुन्हा येतो. १५२०च्या डिसेंबरात तो नेदरलँड्समध्ये होता. झीलंडच्या किनाऱ्याला देवमासा लागल्याचं कळलं तसा कडाक्याच्या थंडीत तो बघायला धावला. पोचला तोवर भरतीने देवमासा नेलेला. ड्यूरर तिथून ताप घेऊन आला, असं म्हणतात. पण पुढच्या वर्षी त्याला वॉलरसचं डोकं पाहायला मिळालं, आणि त्याने शाईने काढलेलं ते चित्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पाहण्यासारखं आहे. डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या, ओठावरच्या राठ मिशांचा झुपका, तोंड किंचित उघडं. चार लोकांसमोर आजोबांना डुलकी लागली आणि कोणी तरी हाक मारली की ते जसे बघतात, तसा तो वॉलरस बघतो. एका सुरकुतीतसुद्धा खोट नाही. शेजारी ड्यूररने स्वतः लिहून ठेवलंय की हा सुस्त प्राणी बारा ब्राबांट हात लांब होता. आठ मीटरच्या वर झालं. मोठ्यात मोठा वॉलरस साडेतीन मीटरच्या आसपास भरतो. गेंड्याला दुसरं शिंग देणारा आणि ही सुरकुती काढणारा हात एकच. डोकं पाहिलं होतं म्हणून ते तंतोतंत उतरलं. लांबी ऐकली होती म्हणून ती दुपटीच्या पुढे गेली.

पुढे व्यापाराची वाट शोधत डच खलाशी उत्तरेला जाऊ लागले आणि पहिल्यांदाच माणूस आणि वॉलरस यांची घाऊक गाठ पडली. १५९४ साली विलेम बारेंट्सच्या माणसांना नोव्हाया झेम्ल्याच्या टोकाशी एका बेटावर दोनशेच्या आसपास वॉलरस ऊन खात पडलेले दिसले. जमिनीवर हा ठोंब्या काय करणार, असा विचार करून ते कुऱ्हाडी, तलवारी आणि भाले घेऊन चालून गेले. हत्यारं मोडली. वॉलरस एकही मेला नाही. खलाशांच्या हाती काही मोडके सुळे लागले, आणि तोफ आणली असती तर बरं झालं असतं असं ठरवून ते परतले. बारेंट्सच्या पुढच्या सफरींत सामील झालेल्या गेरिट द वेअरने सगळ्या सफरींचा वृत्तान्त लिहिला; १५९८ साली तो चित्रांसह छापला गेला. बिशपसाहेबांच्या पुस्तकात कोळी झोपलेल्या वॉलरसची कातडी काढून नेतात. इथे जागे, शस्त्रधारी, दर्यावर्दी पुरुष दाताच्या कण्या करून चार दात घेऊन येतात. पाहून आलेल्यांचा मजकूर हा असा असतो. त्यात सांगणाऱ्याची फजिती असते.

मग वॉलरस स्वतःच युरोपात आला. १६०८ साली इंग्रजांनी बेअर बेटावरून एक जिवंत पिल्लू लंडनला नेलं. राजा पहिला जेम्स आणि त्याचा दरबार यांनी त्याचं भारी कौतुक केलं. पिल्लू शिकवलेलं शिकत होतं म्हणे. थोड्याच दिवसांत ते आजारी पडून मेलं. दरबारी कौतुक फार दिवस सोसणारे जीव थोडेच. चार वर्षांनी असंच एक पिल्लू हॉलंडमध्ये पोचलं. लायडनचे प्राध्यापक एव्हरार्ड व्होर्स्ट यांनी अशा पिल्लाचं जे वर्णन केलंय त्यात कडे नाहीत, दोर नाहीत, गोफण नाही. पिल्लाला ओटाची पेज देत, ती ते सावकाश ओढून घेई आणि मालकाने खाणं पुढे केलं की गुरगुरत, अंग ओढत त्याच्याकडे जाई. एवढंच. बिशपसाहेबांनी हे वाचलं असतं तर माहिती अगदीच अपुरी म्हणून परत पाठवली असती.

या पाहुण्यांवरून हेसेल गेरिट्स या नकाशे काढणाऱ्याने वॉलरस आणि त्याचं पिल्लू यांचं चित्र काढलं. ते १६१३ साली ॲम्स्टरडॅममध्ये स्पिट्सबर्गेनवरच्या त्याच्या पुस्तकात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलं गेलं. समोर ठेवून काढलं, इतकीच त्याची ग्वाही. अंगाला घड्या आहेत, पायांच्या जागी वल्ह्यांसारखे पर आहेत, पिल्लू आईला खेटून आहे. अर्ध्या शतकाहून अधिक काळ चार पायांवर भटकणाऱ्या या जनावराला अखेर त्याचे स्वतःचे हातपाय मिळाले. पुढे शंभरएक वर्षं बाकीच्यांनी हेच चित्र नकलून नकलून छापलं. नक्कल करायचीच तर निदान बऱ्या मुलाची करावी, एवढी अक्कल छापखान्यांना आली होती.

न्याय करायचा तर बिशपसाहेबांच्या पदरातही थोडं माप टाकायला हवं. वॉलरस बर्फावर चढताना खरोखरच सुळे रोवून आपलं दीड टनाचं धूड वर ओढतो. कधी कधी पाण्यात राहून बर्फाच्या काठाला सुळे अडकवून विसावतोही. त्याच्या घशाशी हवेच्या पिशव्या असतात. त्या फुगवून तो पाण्यात उभ्याउभ्या झोपू शकतो. म्हणजे दातांनी लटकणं खरं आणि झोपणंही खरं. कोणा कोळ्याने एवढंच पाहिलं असणार. तिथून निघालेली गोष्ट बंदरा-बंदरातून तिखटमीठ खात रोमला पोचेपर्यंत बर्फाचा कडा झाला आणि शिंपल्यांचं गवत झालं. वदंतेत सत्य नसतं असं नाही. मिठाईच्या दुकानातल्या पेढ्यात दूध असतं, तितपत असतं.

एका बाबतीत मात्र काळ्या शाईने वॉलरसची अब्रू राखली. थंडगार पाण्यातून निघालेला वॉलरस फिकट, राखाडी दिसतो, कारण रक्त कातडीपासून आत ओढलेलं असतं. तोच उन्हात पडला की रक्त परत येतं आणि साहेब गुलाबी होतात. चांगले गुलाबी. शेकडोंच्या संख्येने एकमेकांवर रेललेले गुलाबी वॉलरस बिशपसाहेबांना दिसले असते, तर कड्यावर चढून गवत खाण्याच्या बरोबरीने त्यांनी त्याला आणखी काय काय करायला लावलं असतं कोणास ठाऊक.

चित्र खरं निघालं, त्याचा वॉलरसला फायदा झाला असं मात्र नाही. गेरिट्सचं पुस्तक ज्या स्पिट्सबर्गेनबद्दल आहे, तिथे पुढची साडेतीनशे वर्षं सुळे, चरबी आणि कातडी यांसाठी इतकी कत्तल झाली की वॉलरस जवळजवळ संपले. १९५२ साली शिकारीवर बंदी आली आणि आता कुठे त्यांची संख्या सावरते आहे. त्याच बेटावर न्यू-ऑलसुंडला २००८पासून ‘हिमाद्री’ हे भारताचं संशोधन केंद्र आहे, आणि त्याचा कारभार चालतो गोव्यातल्या वास्कोहून. गोव्याने पूर्वी युरोपला गेंडा पाठवला, आता ध्रुवाकडे शास्त्रज्ञ पाठवतो. शास्त्रज्ञांना शिंग जोडणं अवघड. पण त्यांचं चित्र अजून कोणी न पाहता काढलेलं नाही, म्हणून खात्री देता येत नाही.

एकोणिसाव्या शतकातला सर्वांत नामांकित छापील वॉलरस म्हणजे जॉन टेनिएलचा. लुइस कॅरलच्या १८७१च्या पुस्तकात, सुतारासोबत समुद्रकिनारी फिरणारा, अंगात कोट घातलेला. हे चित्र लाकडावर डॅल्झील बंधूंनी कोरलं. कॅरलला सुताराबद्दल फारसा आग्रह नव्हता. सुतार, फुलपाखरू किंवा सरदार, वृत्तात तिन्ही बसतात, काढायला सोपं ते घ्या, असं त्याने टेनिएलला कळवलं होतं. वॉलरस तेवढा पक्का होता. आता गंमत अशी की हा कोटवाला वॉलरस कालवं खातो. खरा वॉलरसही शिंपल्यांतलं मांसच ओढून खातो, एका जेवणात हजारो. म्हणजे अंगावर ग्रंथाची जबाबदारी घेऊन आर्चबिशपांनी त्याला गवत चारलं, आणि पोरांसाठी थापा मारायला बसलेल्या कॅरलने त्याला बरोबर जेवू घातलं. थाप म्हणून सांगितली की थापेला फारसं खोटं बोलावं लागत नाही.

तोवर तर छायाचित्रंही निघाली होती. पण ऐकीव माहितीचा वंश इतक्या लवकर खुंटत नाही. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये हडसन बेवरून आणलेला एक पेंढा भरलेला वॉलरस आहे. १८८६ सालच्या वसाहतींच्या आणि हिंदुस्थानच्या प्रदर्शनात तो मांडला होता. वॉलरसच्या अंगावर सैल घड्या असतात, हे पेंढा भरणाऱ्या कारागिरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पाहिली ती रिकामी कातडी. ती सैल लागली, म्हणून ते भरत गेले. आणखी सैल लागली, आणखी भरलं. शेवटची सुरकुती नाहीशी होईपर्यंत त्यांनी हात आखडला नाही. आता तो खोट्या हिमनगावर टम्म फुगून बसलेला आहे आणि म्युझियमचा सर्वांत लाडका रहिवासी आहे. वरून खालपर्यंत अस्सल कातडी, अस्सल सुळे. चूक आहे ती फक्त आत, जिथे माणसांचं ज्ञान भरलंय.

या सगळ्या गर्दीत ज्यांच्या दारात वॉलरस येतो त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ती वेळ १९५७ साली आली. कॅनडाच्या बॅफिन बेटालगत किंगाइट नावाची इनुइट वस्ती आहे. तिथला नामांकित कोरक्या ओसुइटोक इपीली एकदा सिगारेटची दोन पाकिटं शेजारी ठेवून पाहत होता. दोन्हींवर खलाशाचं तेच मुंडकं. रोज बसून तेच तोंड पुन्हा पुन्हा रंगवायचं म्हणजे त्या माणसाला किती कंटाळा येत असेल, असं तो जेम्स ह्यूस्टन या कॅनेडियन चित्रकाराला म्हणाला. छपाई म्हणजे काय हे ह्यूस्टनला शब्दांत सांगता येईना. ओसुइटोकने नुकताच वॉलरसचा एक सुळा कोरला होता. ह्यूस्टनने त्यावर शाई चोळली, वर शौचालयातला पातळ कागद दाबला आणि उचलला. चित्र उमटलं. हे तर आपणही करू शकतो, असं ओसुइटोक म्हणाला. चारशे वर्षं वॉलरसच्या दातांबद्दल युरोपने नाना ग्रंथ छापले होते. आता वॉलरसच्या दाताने स्वतःच छापायला सुरुवात केली.

पुढच्या वर्षी ह्यूस्टन जपानला जाऊन ठसे उमटवण्याची विद्या शिकून आला, आणि १९५९ साली किंगाइटच्या छापाचित्रांची पहिली यादी निघाली. त्या वस्तीत झाड औषधालाही नाही, तेव्हा लाकडाऐवजी दगडच कोरायचं ठरलं. वॉलरस, अस्वलं, सील, पक्षी, सगळे शेजारी त्या दगडांवर आले. त्यांतलं केनोजुआक अशेवाक या बाईंचं १९६०चं घुबड तर इतकं गाजलं की दहा वर्षांनी कॅनडाच्या टपाल तिकिटावर बसलं. त्या घुबडाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत लांबच लांब पिसं चहूकडे फाकली आहेत. असं घुबड कोठेही नसतं. पण हे सांगायला कोणी पुढे येत नाही, कारण बाईंचा जन्मच घुबडांच्या मुलखातला. जिने पाहिलंय तिला पिसं वाढवायची मुभा आहे. ती कोणाला पटवायला बसलेली नाही. न पाहिलेल्याला मात्र प्रत्येक पाय शपथेवर काढावा लागतो.

तेव्हा ध्रुवाकडच्या एखाद्या जनावराचं काळं-पांढरं चित्र घरात लावायचं मनात असेल, तर घ्यायच्या आधी एक साधी परीक्षा करावी. चित्र बाजूला ठेवावं आणि त्याच्या खालचा-वरचा मजकूर मोजावा. एक ओळ असेल तर चित्रकाराने प्राणी पाहिलेला आहे. पाच ओळी असतील तर प्राणी पाहिलेल्या कोणाला तरी तो भेटलेला आहे. आणि मजकूर अख्खं पान भरून असेल, त्यात प्राण्याच्या झोपेच्या वेळा दिल्या असतील आणि खाली एखाद्या आर्चबिशपाची सही असेल, तर चित्र अवश्य घ्यावं. मोल पुरेपूर वसूल होईल. पाहुण्यांना प्राणिशास्त्र तेवढं त्यावरून शिकवू नये.